ड्रोन आपल्या रानावरून जातो तेव्हा: जमीनमालकाचा हक्क नेमका कुठवर?

“आमच्या रानावरून ड्रोन न्यायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?” नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात बांधावरच्या भांडणात हा सवाल आता सर्रास ऐकू येतो. शहरातही तेच. गंगापूर रोडला नव्या बंगल्यांच्या जाहिरातीसाठी चित्रीकरण सुरू झालं की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी हेच ओरडून विचारतं.

याचं खरं उत्तर विचारणाऱ्याला रुचत नाही. नुसतं वरून जाण्यासाठी खालच्या जमिनीच्या मालकाची संमती घ्यावी, असं भारताच्या ड्रोन नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून मालक वाऱ्यावर सोडलेला आहे असं मात्र नाही. त्याचे हक्क आहेत आणि ते बऱ्यापैकी भक्कम आहेत. फक्त ते “वरचं आभाळ माझं” या दाव्यात सापडत नाहीत. ते तुमच्या पिकात आहेत, गोठ्यात आहेत, न्हाणीच्या आडोशात आहेत आणि तुमच्या झोपेतही आहेत. पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे जाताना माणूस चुकीच्या हक्काचं बोट धरून जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो, म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटला.

सातबाऱ्यावर उंची नसते

सातबारा उघडा. गट नंबर असतो, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र असतं, विहीर असते, इतर हक्कांत बोजा असतो. जमिनीच्या वर किती फुटांपर्यंत मालकी, हे कुठेच नसतं. फार जुन्या काळापासून युरोपातल्या कायद्यात एक सूत्र होतं: ज्याची जमीन, त्याचं वर स्वर्गापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत सगळं. विमानं आली आणि हे सूत्र मोडलं. ते अक्षरशः पाळायचं ठरवलं तर मुंबई-दिल्ली विमानाला वाटेतल्या प्रत्येक गटाच्या मालकाची सही लागली असती.

सूत्र मोडलं, पण सगळंच सोडून दिलं गेलं नाही. याची सर्वांत चांगली हकिकत एका कोंबडीवाल्याची आहे, आणि आपल्या भागात पोल्ट्रीवाले बरेच असल्यामुळे ती सांगायलाच हवी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरो विमानतळाजवळ कॉझ्बी नावाच्या कुटुंबाचा कोंबड्यांचा फार्म होता. दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं उतरताना त्यांच्या जमिनीवरून जेमतेम 83 फुटांवरून जायची. आवाजाने बिथरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरायच्या. दीडशेच्या आसपास पक्षी असे गेले. शेवटी धंदा बंद पडला. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1946 साली निकाल लागला. न्यायालय म्हणालं, स्वर्गापर्यंतची मालकी आजच्या जगात चालणार नाही. पण जमिनीचा उपयोग घेण्यासाठी लगतचं जेवढं आकाश लागतं, तेवढ्यावर मालकाचा हक्क आहे. इतक्या खालून आणि इतक्या वारंवार उडून तुम्ही या माणसाची जमीनच निकामी केली आहे, तेव्हा भरपाई द्या.

इंग्लंडमध्ये 1977 साली याची दुसरी बाजू पुढे आली. एक कंपनी विमानातून लोकांच्या घरांचे फोटो काढायची आणि ते घरमालकांनाच विकायला जायची. लॉर्ड बर्नस्टीन यांच्या केंटमधल्या घराचा असा फोटो निघाला, त्यांनी दावा लावला आणि ते हरले. एकदा वरून जाऊन फोटो काढला एवढ्याने अतिक्रमण होत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. मालकाचा हक्क जमिनीच्या साध्या, रोजच्या वापरासाठी लागेल त्या उंचीपुरताच, ही रेषाही त्याच निकालातली. पण त्यांनी एक गोष्ट जोडली: कोणी सतत आकाशातून पाळत ठेवून घरातल्या प्रत्येक हालचालीचे फोटो काढत राहिलं, तर तो उपद्रव ठरू शकतो आणि न्यायालय दाद देऊ शकतं.

परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतात. तरी इंग्लंडचे आणि कधी अमेरिकेचे निकाल इथे वाचून दाखवले जातात, विचारात घेतले जातात. ड्रोनच्या बाबतीत कॉझ्बींचा मुद्दा आणि बर्नस्टीन यांचा मुद्दा हे दोन्ही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला सांगतो की उंची आणि वारंवारता महत्त्वाची. दुसरा सांगतो की एकदा जाणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं.

आता आपला कायदा. 1934 च्या विमान कायद्यात कलम 17 होतं. वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी म्हणता येईल अशा उंचीवरून विमान एखाद्या मालमत्तेवरून गेलं, तर निव्वळ तेवढ्या कारणावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येणार नाही, असं ते सांगायचं. तो कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 लागू झाला. तत्त्व तेच राहिलं. ड्रोन कायद्याच्या भाषेत मानवरहित विमानच असल्याने ड्रोनवाल्याचा वकील पहिल्यांदा हीच ढाल पुढे करणार.

ही ढाल नीट पाहा. ती दोन गोष्टींवर उभी आहे. उंची वाजवी हवी आणि तक्रार फक्त जाण्याबद्दल हवी. वाजवी म्हणजे किती फूट, तो आकडा कायद्यात नाही. पाचशे एकरांच्या माळरानावर जी उंची वाजवी, ती जुन्या नाशकातल्या दाटीवाटीच्या वाड्यांवर वाजवी असेलच असं नाही. ड्रोन तुमच्या खिडकीसमोर घिरट्या घालत थांबला, औषध टाकून गेला, कोंबड्या मारल्या किंवा रोज रात्री अकरा वाजता गच्चीवर येऊ लागला, तर तक्रार नुसत्या जाण्याची राहत नाही. मग ही ढाल पुरत नाही.

नियम काय मागतात

सध्याचे ड्रोन नियम ऑगस्ट 2021 मध्ये आले. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या आधीच्या, जास्त कडक नियमांची जागा त्यांनी घेतली. मार्चच्या नियमांत फोटो आणि माहिती टिपताना व्यक्तीच्या आणि तिच्या मालमत्तेच्या खासगीपणाची काळजी घ्यावी, अशी तरतूद होती. ऑगस्टमध्ये उद्योगाला मोकळीक देण्याच्या भरात ती गळाली. माझ्या मते ही मोठी चूक झाली. शेतीला, मोजणीला, औषधं पोहोचवायला ड्रोन हवेत याबद्दल दुमत नाही, पण खासगीपणाचं एक वाक्य ठेवल्याने त्यातलं कोणतंही काम अडलं नसतं.

जे नियम आहेत, त्यांत वजनावरून पाच वर्ग पाडले आहेत. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल, 150 किलोपर्यंत मीडियम, त्यावर लार्ज. लग्नाच्या शूटिंगचा लहान ड्रोन नॅनो किंवा मायक्रो असतो. द्राक्षबागेवर फवारणी करणारा दहा लिटर टाकीचा ड्रोन भरल्यावर 25 किलोच्या आतबाहेर जातो. स्पष्ट सूट मिळालेले अपवाद सोडले तर प्रत्येक ड्रोनची नोंदणी करून त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो. चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. नॅनोला आणि व्यवसायासाठी नसलेल्या मायक्रोला त्यातून सूट आहे. नॅनो वगळता बाकी सगळ्यांना तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि त्याला मोटार वाहन कायद्यातल्या विम्याच्या तरतुदी लागू होतात. म्हणजे ड्रोन तुमच्या पत्र्यावर, गाडीवर किंवा म्हशीवर पडला, तर पहिला प्रश्न “परवानगी कोणाची?” हा नको, “विम्याची पॉलिसी दाखव” हा हवा. कोणाच्याही जीविताला किंवा मालमत्तेला धोका होईल अशा रीतीने ड्रोन उडवायला मनाई आहे, आणि नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

उंचीचा भाग थोडा किचकट आहे. केंद्राने देशाच्या आकाशाचा नकाशा तीन रंगांत विभागला आहे. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळीक 200 फुटांपर्यंतच आहे. त्यावर पिवळा भाग सुरू होतो.

नाशिककरांसाठी हे फार कामाचं आहे, कारण आपला जिल्हा या बाबतीत सरळ नाही. ओझरला विमानतळ आहे, शेजारी लढाऊ विमानांचा कारखाना आणि हवाई दलाची दुरुस्ती डेपो. देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र. नाशिक रोडच्या वाटेवर गांधीनगरला लष्कराच्या हवाई शाखेचं प्रशिक्षण देणारं मैदान. नाशिक रोडला नोटा छापणारा आणि मुद्रांक छापणारा असे दोन छापखाने, मध्यवर्ती कारागृह. अशा ठिकाणांच्या भोवती नकाशा न बघता ड्रोन उडवणं म्हणजे गुन्ह्याला आमंत्रण. दिंडोरीच्या टोकाला जे चालतं, ते उपनगरला किंवा जेल रोडला चालेलच असं नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर हा नकाशा कोणालाही बघता येतो. तुमच्या घरावर ड्रोनचा त्रास होत असेल तर तक्रार लिहिण्याआधी आपलं ठिकाण कोणत्या रंगात येतं, हे जरूर बघा. पिवळ्या किंवा लाल भागात असाल तर तुमची बाजू एकदम जड होते. मग खासगीपणा सिद्ध करत बसावं लागत नाही, परवानगी होती का एवढा एकच प्रश्न उरतो.

शिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एखाद्या भागाला एका वेळी जास्तीत जास्त 96 तासांसाठी तात्पुरता लाल भाग जाहीर करू शकतो. याखेरीज पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली मनाई आदेश काढतात. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं. 2027 च्या सिंहस्थाच्या काळात पंचवटी, तपोवन आणि त्र्यंबकेश्वरच्या रहिवाशांनी असे आदेश जारी आहेत का, यावर नजर ठेवावी. असा आदेश असताना घरावर खासगी ड्रोन दिसला तर 112 ला फोन करायला एवढं कारण पुरेसं आहे.

बागेवर पडतं ते खरं नुकसान

आपल्याकडे जास्त पैसे बुडतात ते कॅमेऱ्यामुळे नाही, टाकीमुळे. म्हणून या भागावर जरा थांबतो.

शेजारच्या उसात किंवा मक्यात तणनाशक मारायला ड्रोन आलाय. तुमची बाग बांधाच्या अलीकडे, छाटणी होऊन फुटवे निघालेले. वारं तुमच्या अंगाने वाहतंय. बांधावर बोलणं होतं ते असं:

“दादा, वारं आमच्याकडं आहे. जरा थांबता का?”

“अण्णा, दहा मिनिटांत टाकी संपतीय. काही होत नाही.”

काही दिवसांनी शेंड्याची पानं बघायची. द्राक्षाचं नवं पान एरवी तळव्यासारखं पसरतं. टू-फोर-डीसारख्या तणनाशकाचा वारा लागला तर तेच पान अरुंद होतं, पंख्यासारखं मिटतं, शिरा एकमेकींना समांतर धावतात, कडा टोकदार होतात, शेंडा पिळवटतो. द्राक्ष या औषधाला इतकं नाजूक आहे की फवारा प्रत्यक्ष अंगावर पडायचीही गरज नसते. वाफ आली तरी पुरते. कीटकनाशक आलं तर बाग वरून ठीक दिसते, पण निर्यातीच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत गेला की तुम्ही कधीही न वापरलेल्या औषधाचा अंश त्यात निघतो. युरोपच्या मर्यादेपेक्षा तो जास्त भरला तर कंटेनरचा माल स्थानिक बाजारात उतरवावा लागतो आणि वर्षाचं गणित कोसळतं.

इथे आकाशाच्या मालकीचा वाद घालूच नका. तुमच्या जमिनीवर दुसऱ्याने एक पदार्थ आणून टाकला आणि पिकाचं नुकसान केलं, हा निष्काळजीपणाचा आणि उपद्रवाचा सरळ दिवाणी दावा आहे. ड्रोन तुमच्या हद्दीत एक इंचही शिरला नसेल, तरी दावा उभा राहतो. ड्रोन कंपनीचा, गटाचा किंवा भाड्याचा असेल तर चालवणारा, सेवा देणारा आणि फवारणी करवून घेणारा शेतकरी, तिघांनाही प्रतिवादी करता येतं. केंद्राने 2023 मध्ये 15 हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केल्यापासून गावोगावी ड्रोन दीदी दिसतात. त्या चांगलं काम करतात आणि त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. पण विम्यात औषध उडून होणाऱ्या नुकसानीची बाजू आहे का, हे सेवा घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने आधीच वाचून घ्यावं.

असा दावा जिंकायचा असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या पुराव्यावर जिंकला जातो. फवारणी चालू असतानाच मोबाईलवर व्हिडिओ घ्या, त्यात वाऱ्याची दिशा कळू द्या. मांडवाला बांधलेली एखादी चिंधी फडफडताना दिसली तरी चालते. औषधाच्या रिकाम्या बाटलीचा, लेबलसकट, फोटो मिळाला तर सोनं. तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा आणि अर्जाची पोच घ्या. पानांचे, घडांचे नमुने बांधापासून जवळचे आणि लांबचे, असे वेगवेगळे घ्या. बांधाकडे नुकसान जास्त आणि आत कमी होत जातं, हेच वाऱ्याबरोबर औषध आल्याचं लक्षण. अंश तपासणीसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत आणि पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे. महिनाभर “बघू, सुधारेल” म्हणत थांबलात तर नवीन पानं येतात आणि पुरावा झाकला जातो.

पोल्ट्रीवाल्यांनी कॉझ्बींची हकिकत ध्यानात ठेवावी आणि मरतुकीची तारीखवार नोंद ठेवावी. मृत पक्ष्यांची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेतली तर रोगाने मेले की घाबरून, हा वाद तिथेच मिटतो.

घर, गच्ची, न्हाणी

खासगीपणाच्या बाबतीत कायद्याचं चित्र तुकड्यातुकड्यांचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमुखाने सांगितलं. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागायचा असतो. शेजारच्या पोराने गच्चीवर ड्रोन आणला तर थेट घटनेचं कलम 21 दाखवून भागत नाही. साध्या कायद्यातलं कलम शोधावं लागतं.

बाईच्या बाबतीत ती कलमं धारदार आहेत. गावात अजून कित्येक घरांमागे वर छप्पर नसलेली न्हाणी असते. चार बाजूंनी आडोसा, वर आभाळ. आजवर तो आडोसा पुरायचा, कारण वरून बघणारं कोणी नव्हतं. आता आहे. स्त्री अशा खासगी अवस्थेत असताना तिला पाहणं किंवा तिचं चित्र टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं, पुन्हा केला तर तीन ते सात वर्षं कैद. लक्षात घ्या, फोटो काढलेला नसला, फक्त पडद्यावर पाहिलं असलं तरी गुन्हा होतो. कलम 79 याहून मोकळं आहे: स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने तिच्या एकांतात घुसखोरी केली तर ते लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-ई स्त्री-पुरुष सर्वांना लागू आहे, पण ते शरीराच्या खासगी भागांच्या चित्रापुरतं मर्यादित आहे. गच्चीवर पापड वाळत घालतानाचा किंवा अंगणातला फोटो त्यात बसत नाही.

मग अंगणाचं काय? तिथे दिवाणी मार्ग आहे. वारंवार होणारा आवाज, घिरट्या, पाळत यांना उपद्रव म्हणून मनाई हुकूम मागता येतो. विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 38 त्यासाठी आहे आणि दावा चालू असताना तात्पुरता मनाई हुकूमही मिळू शकतो. एक जुनी गोष्ट इथे आवर्जून सांगतो. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 18 खाली एक उदाहरण छापलेलं आहे. एखाद्या गावात अशी रूढी असेल की शेजाऱ्याच्या एकांतात मोठा भंग होईल अशी नवी खिडकी कोणी पाडू नये, तर त्या रूढीला कायद्याचं बळ आहे. विमानाचा शोधही लागला नव्हता तेव्हा आपल्याकडे शेजाऱ्याच्या खिडकीवर बंधन मान्य होतं. ड्रोनवर हे कलम जसंच्या तसं चालणार नाही, पण घराच्या आतल्या बाजूवर शेजाऱ्याची नजर नको ही मागणी परदेशातून आयात केलेली आहे, असं कोणी म्हणू लागलं तर त्याला हे पान उघडून दाखवावं.

पोलिसांकडे जाताना बहुतेक जण “घरात घुसखोरी” म्हणून तक्रार देतात आणि तिथेच अडकतात. न्याय संहितेच्या कलम 329 मधल्या गुन्हेगारी अतिक्रमणात माणसाने मालमत्तेत शिरणं अपेक्षित आहे. रिमोटवाला रस्त्यावर उभा असेल तर ठाणे अंमलदार शंका काढणारच. पण तो तुमच्या बांधावर, तुमच्या खळ्यात उभा राहून ड्रोन उडवत असेल, तर गोष्ट साफ बदलते. उड्डाणाला संमती लागत नसली तरी तुमच्या जमिनीवर पाय ठेवायला, तिथून ड्रोन चढवायला किंवा उतरवायला तुमची संमती लागतेच. पडलेला ड्रोन घ्यायलाही विचारून यावं लागतं. तुम्हीही तो घरात ठेवून घेऊ नका. फोटो काढून पोलिसांच्या ताब्यात द्या. दुसऱ्याची वस्तू बदनीयतीने ठेवून घेणं हाही गुन्हाच आहे.

दगड मारू नका

हे कळकळीने सांगतो, कारण राग आला की पहिला हात गोफणीकडे जातो. 2024 च्या पावसाळ्यात पुणे, बीड, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावं जागी राहिली. चोर टेहळणी करतात ही भीती पसरली आणि लोक काठ्या घेऊन शिवारात फिरले. भीती समजण्यासारखी आहे. पण ड्रोन पाडलात तर मालमत्तेचं नुकसान म्हणून न्याय संहितेचं कलम 324 तुमच्यावर लागतं. नुकसान 20 हजारांच्या पुढे असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि एक लाखावर गेलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. फवारणीचा ड्रोन काही लाखांचा असतो. मालमत्तेच्या बचावाचा हक्क आहे, पण पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो वापरता येत नाही. वरून फिरती पाती असलेली वीस-पंचवीस किलोची वस्तू कोणाच्या डोक्यावर येईल, हा प्रश्न तर वेगळाच. इंटरनेटवर मिळणारे, ड्रोनचा सिग्नल अडवणारे जॅमरही घेऊ नका. खासगी माणसाने ते वापरणं बेकायदा आहे.

त्याऐवजी ड्रोनचा व्हिडिओ घ्या, त्यात घराची किंवा झाडाची ओळख पटेल अशी खूण येऊ द्या, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. कॅमेरा खाली आणून ड्रोन कुठे परत जातो ते टिपा. चालवणारा बहुधा तिथेच सापडतो. तारीख आणि वेळ वहीत लिहा. मूळ फाइल मोबाईलमधून पुसू नका, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. लेखी तक्रारीत “माझ्या हवाई हद्दीचा भंग” असं लिहू नका. ओळख क्रमांक, पायलट प्रमाणपत्र, विमा आणि नकाशातल्या रंगानुसार लागणारी परवानगी तपासावी, अशी मागणी लिहा. यातला एखादा कागद तरी नसण्याची शक्यता बरीच असते आणि मग कारवाईला पोलिसांना आधार मिळतो.

ड्रोन सरकारचा असेल तर आधी चौकशी करा. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच झाली. उड्डाणाआधी घरांच्या हद्दी चुन्याने आखल्या जात. त्या ड्रोनला हुसकावणं म्हणजे आपल्याच मालमत्ता पत्रकाला अडथळा. वनखातं उसात लपलेला बिबट्या शोधायला ड्रोन वापरतं. पण सरकारी म्हणून सगळंच माफ नाही. पुट्टस्वामी निकालाप्रमाणे सरकारी पाळतीला कायद्याचा आधार, योग्य कारण आणि गरजेपुरतं प्रमाण लागतं, आणि एखाद्या वस्तीवर विनाकारण नजर राहत असेल तर माहिती अधिकारात आदेशाची प्रत मागता येते. मुंबई उच्च न्यायालयाचं दारही उघडं आहे.

ग्रामसभेला आकाश बंद करण्याचा अधिकार नाही, ते केंद्राच्या हाती आहे. पण फवारणीचा ड्रोन आणणाऱ्याने आदल्या दिवशी लगतच्या बागवाल्यांना, मधपेट्या ठेवणाऱ्यांना आणि पोल्ट्रीवाल्यांना फोन करावा, औषधाचं नाव सांगावं आणि वारं बांधाकडे असेल तर थांबावं, असा ठराव गाव आपसांत करू शकतं. पुढे नुकसान झालंच तर सूचना मिळाली होती की नाही, हे दाव्यात दाखवायला तो ठराव उपयोगी पडतो. दावा लावायची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.